लोकल थांबते तेव्हा मेट्रोचे काम



१९ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत पावसाचे पाणी रुळांवर चढले आणि मध्य रेल्वेच्या मुख्य व हार्बर मार्गांवरची लोकल कुर्ला ते सीएसएमटी या पट्ट्यात थांबली. त्याच संध्याकाळी मोनोरेलची एक गाडी म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क या स्थानकांच्या मधोमध, जमिनीपासून उंचावर, अडकून पडली. गाडीला १०४ टन वजन पेलते. त्या वेळी आतल्या माणसांसकट ती १०९ टनांच्या आसपास गेली होती, असे एमएमआरडीएने नंतर सांगितले. भाराने वीजपट्टी आणि गाडी यांच्यातला संपर्क तुटला, एसी बंद झाला आणि अग्निशमन दलाने शिड्यांच्या गाड्या लावून ५८२ माणसांना खाली उतरवले. रिकामी धावते म्हणून जिची वर्षानुवर्षे टिंगल झाली, ती मोनोरेल गर्दीने बंद पडली. या घटनेची चर्चा झाली ती बहुतेक यंत्राच्या अंगाने: गाडी जुनी, देखभाल अपुरी, दरवाजे उघडेनात. ते सगळे असेलही. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हार्बर बंद झाल्यावर प्रवाशांनी स्वतःची पर्यायी सेवा स्वतःच शोधली आणि त्या सेवेची तशी कोणतीच तयारी नव्हती. लोकल थांबली की पर्यायी वाहतूक सुरू होतेच. पोटापाण्यासाठी निघालेला माणूस रस्ता काढतोच. ती वाहतूक कोणी आधी आखलेली असते, किंवा ती आपोआप एखाद्या दुबळ्या दुव्यावर जाऊन कोसळते, एवढाच काय तो फरक.

आजच्या व्याख्यानात मला एवढेच मांडायचे आहे. रेल्वे ब्लॉक घेते (कामासाठी रूळ बंद ठेवते) किंवा बंद पडते तेव्हा मेट्रोने तात्पुरती पर्यायी सेवा द्यावी, हे मुंबईत आता प्रथमच शक्य झाले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेड ते आरे ही साडेतेहतीस किलोमीटरची मेट्रो ३ पूर्ण झाली आणि दहिसरपासून दक्षिण टोकापर्यंत, मध्ये गाड्या बदलून का होईना, लोकलला न शिवता जाता येऊ लागले. पण जादा फेऱ्या सोडल्या म्हणजे पर्यायी सेवा झाली, ही समजूत खोटी आहे. कोणत्या प्रवाशाला वळवायचे, त्याला कुठे उतरवायचे आणि त्याच्या खिशातला पास पुढे चालू द्यायचा की नाही, हे कागदावर आधी ठरले तरच ती सेवा उभी राहते. गाड्या त्यानंतर येतात.

सुरुवात हिशेबापासून करू, कारण या विषयात जास्तीत जास्त घोळ हिशेबातच होतो. मुंबईची लोकल दिवसाला सत्तर लाखांवर प्रवासी नेते. बारा डब्यांच्या गाडीत बसायला जागा असते ती हजार-बाराशे जणांना. ऐन गर्दीत तीच गाडी चार-साडेचार हजार माणसे घेऊन निघते. म्हणजे चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसे. डब्याच्या दारातल्या मोकळ्या जागेत खडूने एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखा आणि त्यात चौदा जण उभे करा; आठ-छत्तीसच्या फास्टला रोज तेच चाललेले असते. मेट्रोची आखणी चौरस मीटरला सहा माणसे धरून होते. त्यामुळे मेट्रो ३ ची आठ डब्यांची गाडी अडीच हजारांच्या आसपास थांबते आणि घाटकोपर-वर्सोवा मार्गावरची (मेट्रो १) चार डब्यांची गाडी दीड हजारावर. दर पाच मिनिटांनी गाडी सोडली असे धरले, तर मेट्रो ३ तासाला एका दिशेने तीस हजार माणसे नेईल. तिकडे दर चार मिनिटांनी लोकल आणि गाडीत चार हजार माणसे, एवढे धरले तरी एकट्या स्लो मार्गाचे साठ हजार होतात. फास्ट मार्ग वेगळाच. शिवाय मेट्रोच्या त्या तीस हजारांत तिचे रोजचे प्रवासी आधीच बसलेले आहेत. तेव्हा ‘आता मेट्रो आली, लोकल बंद पडली तरी शहर चालेल’ असे म्हणणारे चुकतात. पण ‘एवढ्याशा मेट्रोने काय होणार?’ असे विचारणारेही त्याच ठिकाणी चुकतात. दोघेही अख्खी लोकल मेट्रोत ओतायला निघालेले असतात. काम आहे ते लोकलच्या गर्दीतून योग्य तेवढा आणि योग्य तोच भाग उचलण्याचे.

हा भाग कसा निवडतात, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनचे आहे. एकवीस रुळांच्या या भूमिगत स्थानकात २०१७ च्या मार्च-एप्रिलमध्ये लागोपाठ दोनदा गाड्या घसरल्या. दुसऱ्या वेळी आठ रूळ काही दिवस बंद राहिले. स्थानकाची मालकी ॲमट्रॅक या केंद्रीय रेल्वे महामंडळाची. त्याने ठरवले की वर्षानुवर्षे रात्री आणि शनिवार-रविवारी उरकत आणलेले काम आता सलग करायचे. १० जुलैपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, सुमारे आठ आठवडे. राज्याच्या गव्हर्नरांनी आधीच जाहीर करून टाकले की हा ‘नरकाचा उन्हाळा’ ठरणार. पेनमध्ये येणाऱ्या उपनगरी गाड्या दोन संस्थांच्या: लाँग आयलंड रेल्वे न्यूयॉर्क राज्याच्या एमटीएची आणि न्यू जर्सी ट्रान्झिट शेजारच्या राज्याची. हडसन नदीखालून धावणारी पाथ ही भुयारी रेल्वे चौथ्याच संस्थेकडे, म्हणजे दोन राज्यांच्या संयुक्त पोर्ट ऑथॉरिटीकडे. आपल्याकडे मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, मेट्रो ३ ची एमएमआरसी, महामुंबई मेट्रो आणि मेट्रो १ चालवणारी खासगी कंपनी अशी यादी वाचून हताश व्हायची पद्धत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

न्यू जर्सीने काय केले ते पाहा. सगळ्या मार्गांच्या गाड्या थोड्याथोड्या कापणे सोपे होते आणि न्याय्यही दिसले असते. तसे न करता त्यांनी मॉरिस अँड एसेक्स या मार्गाच्या मिडटाऊनला जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या गाड्या पेनऐवजी हडसनच्या अलीकडे, न्यू जर्सीतच असलेल्या होबोकेनला नेल्या. याच मार्गाला का हात लावला? कारण त्याला होबोकेनचा फाटा मुळातच होता आणि होबोकेनच्या टर्मिनसमध्येच पाथचे स्थानक आहे, बाहेर फेरीबोटींचा धक्का आहे. ज्यांना दुसरे टोक नव्हते त्या मार्गांचे प्रवासी पेनमध्ये तसेच येत राहिले. वळवलेल्या प्रवाशांना पाथचे वेगळे तिकीट काढावे लागले नाही. रेल्वेचे तिकीट किंवा पास तिथे चालला. वर भाड्यात निम्म्याहून जास्त सवलत मिळाली, कारण त्यांचा वेळ खर्ची पडणार होता. दोन महिन्यांचा त्रास एका मार्गाच्या माथी मारला, अशी ओरड झालीच. ती खरीही होती. पण त्रास वाटून दिला की तो कमी होतो, असे वाहतुकीत घडत नाही. प्रत्येक मार्गाच्या प्रत्येक गाडीत थोडी जास्त गर्दी झाली की सगळेच वेळापत्रक ढासळते.

लाँग आयलंडच्या बाजूची गोष्ट आणखी शिकवणारी. तिथे काही गाड्या ब्रुकलिनच्या अटलांटिक टर्मिनलला आणि क्वीन्समधल्या हंटर्सपॉइंट ॲव्हेन्यूला वळवल्या. दोन्ही ठिकाणी सबवे हाकेच्या अंतरावर; अटलांटिक टर्मिनलखाली तर नऊ मार्ग एकत्र येतात, त्यामुळे उतरलेली गर्दी एका दारात तुंबत नाही. सकाळच्या वेळी तिथून सबवेचा प्रवास फुकट ठेवला. याच्या जोडीला राज्याने उपनगरांतून खास बस सोडल्या, फेरीबोटी लावल्या. कागदावर या बस आणि बोटीच भारदस्त दिसत होत्या, उद्घाटनाला छायाचित्रेही त्यांचीच निघाली. प्रत्यक्षात त्या बऱ्याचशा रिकाम्या गेल्या आणि माणसे रेल्वे-सबवेच्या जोडीने कामावर पोहोचली. नरक काही अवतरला नाही. प्रवासी आपली नेहमीची गाडी शक्य तितक्या पुढपर्यंत सोडत नाही. त्याला गाडी कुठे बदलायची, एवढेच नवे शिकायचे असते. घरापासून नवा मार्ग शिकायला सांगितला की तो नाद सोडतो, रजा टाकतो किंवा मोटार काढतो. म्हणून पर्यायी सेवेचा सगळा जीव गाडी बदलण्याच्या जागेत असतो.

याच शहराने त्याआधी पाच वर्षे आणखी एक धडा दिला होता, तो थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस सँडी वादळाने जमैका उपसागरावरून रॉकअवे द्वीपकल्पाकडे जाणारा सबवेचा मार्ग उखडून टाकला. द्वीपकल्पावरचे रूळ वापरण्याजोगे होते, पण त्यांवर गाडी येणार कुठून? एमटीएने सबवेचे वीस डबे ट्रकवर लादून रस्त्याने तिथे नेले, रुळांवर चढवले आणि २० नोव्हेंबरपासून फार रॉकअवे ते बीच ९० स्ट्रीट अशी ‘एच’ नावाची मोफत गाडी सुरू केली. पुढच्या जोडणीला बस होती. मे २०१३ अखेर मूळ मार्ग सुरू होईपर्यंत ती चालली. वीस डबे म्हणजे मुंबईच्या दोन लोकलही नव्हेत. पण कोणाला कुठून कुठे न्यायचे ते नेमके ठरले होते, म्हणून तेवढ्यात भागले.

आता मुंबईत येऊ. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाक पूल पाडण्यासाठी सत्तावीस तासांचा ब्लॉक झाला. सीएसएमटी आणि मशीद यांच्यामधले सगळे रूळ बंद, मुख्य मार्गावरच्या गाड्या भायखळा, परळ, दादरपर्यंत, हार्बरच्या वडाळ्यापर्यंत. त्या वेळी दक्षिण मुंबईत मेट्रो नव्हती, तेव्हा दोष कोणाला द्यायचा नाही. पण तसाच ब्लॉक पुन्हा घ्यायचा झाला तर काय करता येईल? नकाशावर उत्तर सोपे दिसते: दादरला उतरा, मेट्रो ३ पकडा, सीएसएमटी मेट्रो स्थानकात बाहेर पडा. चालून पाहिले की उत्तर अवघड होते. मेट्रोचे दादर स्थानक गोखले रोडखाली, प्लाझा आणि सेनाभवनाच्या बाजूला आहे. मध्य रेल्वेच्या फलाटावरून पूल चढायचा, पश्चिमेला उतरायचे, मग भाजीवाले, फेरीवाले, टॅक्सीची रांग आणि खरेदीला आलेली गर्दी यांतून वाट काढत जायचे. एरवी हे सात-आठ मिनिटांचे चालणे. पण दर चार मिनिटांनी एकेक लोकल तिथे रिकामी होणार असेल, तर ते चालणे हाच या सेवेचा सर्वांत अरुंद भाग ठरतो. तिथे मेट्रोच्या गाड्या दुप्पट करून उपयोग नाही. उपयोग आहे तो त्या तासांपुरता एक रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवण्याचा, पुलावर चढणारे-उतरणारे वेगळे करण्याचा आणि डोंबिवलीहून पहिल्यांदा मेट्रोकडे निघालेल्या बाईला प्रत्येक वळणावर बाण दिसेल असे पाहण्याचा. हे काम वाहतूक पोलिसांचे आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसचे आहे. रेल्वेचे किंवा मेट्रोचे इंजिनिअर ते करू शकत नाहीत. भायखळ्याला गाडी संपवणे तर या हिशेबात सर्वांत वाईट, कारण तिथून मेट्रो जवळ नाही. गाडी कुठे संपवायची हे आज रूळ, सिग्नल आणि गाडी वळवायची सोय पाहून ठरते. त्यात प्रवासी पुढे काय पकडणार, हाही निकष यायला हवा.

घाटकोपरची अडचण उलटी आहे. तिथे मेट्रो १ रेल्वे स्थानकाला अगदी चिकटून आहे, मरोळ नाक्याला तीच मेट्रो ३ ला भेटते. जोडणी उत्तम, पण गाडी चार डब्यांची आणि गर्दी रोजचीच ओसंडणारी. ठाण्याकडून येणारा लोंढा तिथे सोडला तर मोनोरेलचीच पुनरावृत्ती होईल. त्या मार्गाची स्थानके सहा डब्यांसाठी बांधलेली आहेत. डबे वाढेपर्यंत घाटकोपरला पर्याय म्हणून फार तर विमानतळ, मरोळ, सीप्झकडे जाणाऱ्यांनाच बोलवावे, आणि तेही स्पष्ट सांगून. पश्चिम बाजूला चित्र बरे आहे. दहिसर ते अंधेरी पश्चिम ही २अ आणि दहिसर ते गुंदवली ही ७ नंबरची मेट्रो लोकलला समांतर धावतात आणि मेट्रो १ ला पुलांनी जोडलेल्या आहेत. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खार-गोरेगाव सहाव्या मार्गिकेसाठी पश्चिम रेल्वेने अडीच हजारांहून अधिक फेऱ्या रद्द केल्या, तेव्हा या दोन्ही मार्गिका पूर्ण चालू होत्या. मात्र अंधेरीच्या दक्षिणेला मेट्रो नव्हती, म्हणून बोरिवलीकराला शेवटी त्याच लोकलकडे यावे लागत होते. आज ती अडचण उरलेली नाही.

जागा ठरली तरी पासाचा प्रश्न राहतो, आणि माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास काही शे रुपयांत येतो. मेट्रो ३ च्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला एका वेळचे ७० रुपये पडतात. ज्याने महिन्याचे भाडे आधीच भरले आहे, त्याला रेल्वेच्या कामासाठी पुन्हा खिशात हात घालायला लावणारी सेवा पर्यायी कशी म्हणायची? टोकियोत ही गाठ करारानेच सोडवली आहे. तिथे जेआर रेल्वेचा एखादा मार्ग बंद पडला की ठरलेल्या समांतर मार्गांवर, मग ते खासगी रेल्वेचे असोत की भुयारी रेल्वेचे, पासधारकांना आणि आधी तिकीट काढलेल्यांना जादा पैसे न देता जाता येते. स्थानकांवरच्या फलकांवर बंद मार्गाबरोबरच पर्यायी मार्गही झळकतो, आणि कोणी कोणाला किती द्यायचे ते कंपन्या मागाहून आपापसात मिटवतात. दर वेळी बैठक बसत नाही. एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे: कार्डात पैसे भरून, बाहेर पडताना त्यातून भाडे कापू देणाऱ्याला सहसा ही सोय मिळत नाही, कारण त्याने अमुक ठिकाणापर्यंतचा करार केलेलाच नसतो. फुकटे घुसतील, या धास्तीला तिथेच उत्तर आहे. ज्याच्याकडे पास आहे, त्याचा मार्ग पासावर लिहिलेला आहे.

जपानच्या शिस्तीचे हे कौतुक आपल्याला नको, असे कोणी म्हणेल. त्याने शनिवारचे वर्तमानपत्र उघडावे. रविवारच्या मेगाब्लॉकच्या बातमीत शेवटी एक ओळ हमखास असते: हार्बरच्या प्रवाशांना अमुक ते अमुक वेळेत मुख्य मार्गावरून आणि पश्चिम रेल्वेवरून त्याच तिकिटावर प्रवास करता येईल. मध्य आणि पश्चिम हे रेल्वेचे दोन वेगळे झोन आहेत, त्यांचे हिशेब वेगळे आहेत, तरी ही सवलत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे करार आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणजे तत्त्व मान्य आहे, पद्धत रूढ आहे. त्या ओळीत मेट्रोचे नाव घालायचे बाकी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आले आणि लोकल, मेट्रो, बस अशा अकरा सेवांची तिकिटे एका फोनवर मिळू लागली, तेव्हा तांत्रिक सबबही फारशी उरलेली नाही. तिकिटे एका जागी आली. भाड्याची जबाबदारी अजून आली नाही.

आपल्याकडे कामाचे नियोजन होत नाही, असा माझा आरोप नाही. ३१ मे ते २ जून २०२४ चा मध्य रेल्वेचा ६३ तासांचा जम्बोब्लॉक आठवा. ठाण्याचा पाच-सहा नंबरचा अपुरा फलाट रुंद करायचा आणि सीएसएमटीचे दहा-अकरा नंबरचे फलाट चोवीस डब्यांच्या गाड्यांसाठी लांब करायचे, अशी दुहेरी मोहीम होती. ठाण्यात रूळ सरकवले, आधीच तयार करून आणलेले काँक्रीटचे ठोकळे रचले आणि काम वेळेत संपवले. इंजिनिअरिंग म्हणून ते देखणे होते. नऊशेहून अधिक लोकल फेऱ्या रद्द झाल्या. बेस्ट, एसटी यांनी जादा बस सोडल्या. आणि रेल्वेने कार्यालयांना विनंती केली की शक्य तर कर्मचाऱ्यांना घरूनच काम करू द्या. ही विनंती चुकीची नव्हती, गर्दी खरोखरच कमी झाली. पण घरून काम कोण करते? रुग्णालयातली आया, दुकानातला नोकर, इमारतीचा रखवालदार, रोजंदारीवरचा रंगारी यांना घरून काम करता येत नाही, आणि दांडीचा पगार कापला जातो तो यांचाच. ब्लॉकच्या आराखड्यात प्रत्येक ठोकळ्याची जागा ठरलेली होती आणि माणसांसाठी मात्र विनंती होती.

रविवारचा प्रश्न तर आणखी साधा आहे, इतका की त्याबद्दल बोलताना संकोच वाटतो. मेगाब्लॉक रविवारी घेतात कारण त्या दिवशी प्रवासी कमी असतात. त्याच कारणाने मेट्रोच्या फेऱ्याही रविवारी कमी असतात. म्हणजे लोकल तुटते नेमक्या त्याच दिवशी मेट्रोचे रेक कारशेडमध्ये उभे! मेट्रोची देखभाल मुख्यतः रात्री होते, तिला दिवसाचा ब्लॉक लागत नाही. तेव्हा ज्या रविवारी एखाद्या समांतर पट्ट्यात ब्लॉक असेल, त्या रविवारी त्या मेट्रोने सोमवारचे वेळापत्रक चालवावे. नवा डबा नको, नवा रूळ नको. चालकांच्या पाळ्या आठवडाभर आधी बदलाव्या लागतील आणि जादा विजेचे व भत्त्याचे पैसे लागतील, एवढेच. गणेशोत्सवात आणि नवरात्रात मेट्रोच्या वेळा रात्री उशिरापर्यंत वाढवल्या जातात, तेव्हा हे जमते.

यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा की ज्या पावसात लोकल बंद पडते, त्यात मेट्रोची तरी काय शाश्वती? २६ मे २०२५ च्या पावसात मेट्रो ३ च्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी घुसले, ते सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. गाड्या वरळीपर्यंतच ठेवाव्या लागल्या. न्यूयॉर्कच्या पाथलाही सँडीने असेच बुडवले होते, होबोकेनचे स्थानक डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बंद होते. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. आपत्तीत मेट्रोवर विसंबून राहता येत नाही. पण लोकल खंडित होण्याचे नेहमीचे कारण आपत्ती नसून देखभाल आहे. ती दर आठवड्याला, तारीख-वेळ जाहीर करून होते. तिथपासून सुरुवात करावी. जी माणसे वर्षात वीस-पंचवीस रविवारी दादरच्या पुलावर गर्दी वळवण्याचा सराव करतील, तीच अचानक आलेल्या मंगळवारी कामाला येतील. १९ ऑगस्टला असा सराव कोणाला असता, तर मोनोरेलच्या जिन्याखाली रांग थांबवणारा माणूस कदाचित उभा असता.

दुसरा आक्षेप मेट्रोच्या बाजूने येतो आणि तो सुरक्षिततेचा आहे. भुयारात, फलाटाला काचेचे दरवाजे असलेल्या स्थानकात लोकलची गर्दी सोडणे धोक्याचे आहे, असे ते म्हणतात. अगदी बरोबर. म्हणूनच संख्या वरच, रस्त्याच्या पातळीवर रोखावी लागते. एक गाडी भरेल एवढी माणसे आत, बाकीची बाहेर रांगेत. मुंबईकर रांग लावत नाही, हे बस स्टॉपवर उभ्या असलेल्या कोणालाही खरे वाटणार नाही. रांग किती मिनिटांची आहे हे कळले, तर माणूस थांबतो किंवा दुसरीकडे जातो. ते कळले नाही की ढकलाढकली करतो. गर्दी रोखायची योजना नसेल, तर ती येणार नाही असे थोडेच आहे?

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि त्यामागे लपलेला अधिकाराचा. खर्च कोणी सोसायचा? मेट्रो म्हणेल, ब्लॉक रेल्वेचा. रेल्वे म्हणेल, काम प्रवाशांच्याच भल्याचे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांत एकात्मिक वाहतूक प्राधिकरण असावे असे सांगितले आणि २०१७ च्या मेट्रो धोरणाने ती अटच घातली. असे प्राधिकरण खऱ्या अधिकारांनिशी उभे राहिले तर उत्तमच. पण त्याची वाट पाहत बसायची गरज नाही. पेन स्टेशनच्या चार संस्था एका छत्राखाली नव्हत्या, आजही नाहीत. त्यांनी आठ आठवड्यांपुरता करार केला. आपल्याकडचा मार्ग मला असा दिसतो: ब्लॉकच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात खडी, स्लीपर, ओव्हरहेड वायर, मजुरी यांच्या शेजारी पर्यायी वाहतूक ही एक बाब असावी. ६३ तासांच्या कामात तिचा वाटा नगण्य ठरेल. शिवाय तिचा एक आडफायदा आहे. आज ब्लॉक वाढवणे रेल्वेला फुकट पडते, कारण किंमत प्रवासी मोजतो. ती किंमत अंदाजपत्रकात दिसू लागली की दोन छोटे ब्लॉक घ्यावेत की एक मोठा, हे ठरवताना खरा हिशेब मांडावा लागेल. न्यू जर्सीने भाड्यात सवलत दिली, तिच्यात हेही होते.

मुंब्रा, कल्याण, बदलापूर, कसारा इकडच्या आणि नालासोपारा-विरारच्या प्रवाशाला या सगळ्यातून काय मिळणार, हा प्रश्न मात्र उरतोच. त्याच्या दारात मेट्रो नाही. तो ठाण्यापर्यंत किंवा बोरिवलीपर्यंत पोहोचलाच नाही, तर दादरचे बाण त्याच्या काय कामाचे? त्याला बसच लागणार, आणि बस कमी आहेत. पण त्या कुठे खर्च होतात ते पाहावे. सीएसएमटीच्या बाजूला ब्लॉक झाला की बेस्टच्या जादा बस दक्षिण मुंबईत, भायखळा-दादर-वडाळ्याच्या पट्ट्यात लागतात, आणि आता दादरहून दक्षिणेला मेट्रो आहे. दादरपासून दक्षिणेचा भार मेट्रो ३ आणि पश्चिम रेल्वे यांनी उचलला, तर त्यातल्या बऱ्याच बस उत्तरेला मोकळ्या होतात. बेस्ट आजही मुलुंड ओलांडून ठाण्यात जाते, दहिसर ओलांडून मीरा रोडला जाते. ब्लॉकच्या दिवसांपुरते तिथे ठाणे परिवहन, कल्याण-डोंबिवली परिवहन आणि एसटी यांच्याबरोबर तिचे एकच वेळापत्रक छापायला हरकत नसावी. पुढचा मोठा ब्लॉक जाहीर करताना त्या वेळापत्रकात बसची संख्या, ती सुटण्याची जागा आणि रेल्वेचा पास तिच्यात चालेल की नाही, हे रद्द झालेल्या लोकलच्या यादीच्या वर छापलेले असावे.